जुनें ग्राफिक्स कार्ड घ्यावें कीं नवें?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं वडील मंडळींना कदाचित् नवल वाटेल. खेळाकरितां घ्यावयाच्या एका विजेच्या यंत्राविषयीं निवृत्त शिक्षकानें काय बोलावें, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येणें साहजिक आहे. परंतु ज्या घरांत चौदा ते पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे आणि टेबलावर संगणक आहे, त्या घरांत हा विषय आज ना उद्यां निघतोच. मुलगा म्हणतो, "ग्राफिक्स कार्ड पाहिजे." बाप विचारतो, "केवढ्याचें?" आंकडा ऐकल्यावर घरांत कांहीं वेळ कोणी बोलत नाहीं, कारण तो आंकडा पुष्कळ घरांत महिन्याच्या पगाराएवढा, आणि कांहीं घरांत त्याहूनहि मोठा असतो. मग मुलगा दुसरा मार्ग सुचवितो, "जुनें घेऊं, स्वस्त मिळतें." त्यावर बाप म्हणतो, "दुसऱ्यानें वापरून टाकलेली वस्तु आपल्या घरांत नको." येथून वादास तोंड फुटतें, आणि तो मिटविण्याचें साधन दोघांपैकीं कोणाजवळच नसतें. तें साधन म्हणजे हिशेब करण्याची रीत. ती आपणांपुढें ठेवावी एवढाच माझा हेतु आहे. मीं आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविलें, आणि हा प्रश्नहि शेवटीं बराचसा अंकगणिताचाच आहे.

प्रथम हें कार्ड करतें काय, तें पाहूं. चलच्चित्रांशीं आपल्या कोल्हापूरचें नातें जुनें आहे. बाबूराव पेंटर व त्यांचे सहकारी यांनीं येथेंच स्वदेशी कॅमेरा घडविला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० सालीं लोकांसमोर आला. चित्रपटांत एकामागून एक चित्रें डोळ्यांपुढून सरकतात. बोलपटांत तीं सेकंदास चोवीस असतात. पण तीं सर्व आधींच तयार असतात. संगणकावरील खेळाची गोष्ट निराळी आहे. खेळणारा पुढच्या क्षणीं डावीकडे वळेल कीं उजवीकडे, हें कोणासच ठाऊक नसतें. म्हणून प्रत्येक चित्र त्याच क्षणीं नव्यानें काढावें लागतें. साधा मॉनिटर रुंदीस १९२० आणि उंचीस १०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केल्यास हे ठिपके २०,७३,६०० होतात. सेकंदास साठ चित्रें हवीं असतील, तर दर सेकंदास १२ कोटि ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. आणि एका चित्रास वेळ मिळतो तो सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या विद्वान् मुख्याध्यापकासारखा असतो. कठीण उदाहरणें तो एकामागून एक झटपट सोडवितो. परंतु वीस लाख सोपीं उदाहरणें एकाच वेळीं सोडवावयाचीं असतील, तर तेथें एकटा विद्वान् उपयोगी नाहीं. हजारों विद्यार्थ्यांनीं भरलेली शाळा पाहिजे. ग्राफिक्स कार्ड ही ती शाळा होय. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीनें १९९९ सालीं जीफोर्स २५६ हें कार्ड विकावयास आणलें, आणि तेव्हांपासून अशा यंत्राच्या गाभ्यास 'जीपीयू' हें नांव रूढ झालें. या शाळेंत केवळ खेळच होतो असें मात्र नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत २०२० सालीं उभा राहिलेला 'परम सिद्धि-एआय' हा महासंगणक एनव्हिडियाच्याच गणनयंत्रांवर चालतो. त्याच वर्षीं पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें तयार केलेला 'राजी' हा खेळ जगभर विकला गेला. तेव्हां मुलगा कार्ड मागतो म्हणजे तो वाया गेला, असें वडिलांनीं समजूं नये. मात्र किंमत मोजावयाची आहे, ती डोळे उघडे ठेवून मोजावी.

आतां 'जुनें' या शब्दाचा अर्थ नीट ठरवूं. कारण निम्मा गोंधळ तेथेंच होतो. जुनें कार्ड दोन प्रकारचें असतें. एक, मागील पिढीचें पण खोका न फोडलेलें. दुकानांत शिल्लक राहिल्यामुळें त्याची किंमत उतरलेली असते. दुसरें, कोणी तरी वापरून विकावयास काढलेलें. पहिल्याचें वय झालेलें असतें, पण अंग झिजलेलें नसतें. दुसऱ्याचें वयहि झालेलें असतें आणि झीजहि झालेली असते. या दोहोंस एकाच मापानें मोजणें योग्य नव्हे.

कार्डाचें नांव कसें वाचावें, तेंहि सांगतों. आरटीएक्स ३०६० हें नांव घ्या. पहिले दोन अंक पिढी सांगतात आणि शेवटचे दोन अंक त्या पिढींतील पायरी सांगतात. ३०६० नंतर ४०६० आलें, त्यानंतर ५०६० आलें; पायरी तीच, पिढी नवी. म्हणून बाजारांत खरा प्रश्न बहुधा असा उभा राहतो, कीं मागल्या पिढीचें वरच्या पायरीचें कार्ड घ्यावें, कीं तेवढ्याच पैशांत नव्या पिढीचें खालच्या पायरीचें घ्यावें?

एक उदाहरण सविस्तर पाहूं. आरटीएक्स ३०६० हें कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्यें ३२९ डॉलर किंमतीस निघालें. आरटीएक्स ४०६० हें जून २०२३ मध्यें २९९ डॉलरला निघालें. जुन्यांत गणन करणारे घटक ३५८४ आहेत, नव्यांत ३०७२. संख्या पाहून कोणीहि म्हणेल, कीं जुनेंच बलवान्. परंतु नव्यांतील विद्यार्थी संख्येनें कमी असले तरी हातानें चपळ आहेत. त्यांच्या कामाचा वेग १७७७ मेगाहर्ट्झवरून २४६० मेगाहर्ट्झपर्यंत चढला आहे. त्यामुळें साध्या मॉनिटरवर बहुतेक खेळांत नवें कार्ड पुढें राहतें, आणि वीज मात्र १७० वॅटांच्या ठिकाणीं ११५ वॅट खातें. एवढ्यावर निकाल नव्याच्या बाजूस लागावा. पण थांबा! जुन्याची मेमरी १२ जीबी आहे आणि नव्याची ८ जीबी.

ही मेमरी म्हणजे काय, हें खासबागेंत कुस्त्या पाहणाऱ्या कोल्हापूरकरांस सांगणें सोपें आहे. पैलवानास जोर लागतो आणि दमहि लागतो. कार्डाचा वेग हा जोर. मेमरी हा दम. खेळांतील भिंती, झाडें, वस्त्रें, चेहरे यांचीं चित्रें या मेमरींत मांडून ठेवावीं लागतात. तीं मावलीं तोंपर्यंत जोर दिसतो. मेमरी अपुरी पडली, कीं कार्डाला तीं चित्रें संगणकाच्या सामान्य मेमरींतून ओढून आणावीं लागतात आणि खेळ अडखळूं लागतो. गेल्या कांहीं वर्षांतील मोठे खेळ बारीक तपशिलांसह खेळावयाचे झाल्यास ८ जीबींत दाटी होऊं लागली आहे. म्हणजे या जोडींत नवा गडी चपळ, आणि जुना दमदार. कोणता घ्यावा हें कुस्ती किती वेळ चालावयाची आहे, त्यावर ठरेल.

नवें म्हणजे जुन्याच्या पुढें, हा समजहि सर्वत्र खरा नाहीं. एएमडी कंपनीचें आरएक्स ५८० हें कार्ड एप्रिल २०१७ मध्यें निघालें, आणि आरएक्स ६५०० एक्सटी हें जानेवारी २०२२ मध्यें. मध्यें जवळजवळ पांच वर्षें गेलीं. तरीहि या धाकट्या भावास ४ जीबी मेमरी देण्यांत आली होती, आणि मदरबोर्डाशीं बोलण्याच्या वाटा केवळ चार ठेवण्यांत आल्या होत्या. जुन्या मदरबोर्डांत त्या वाटा आणखी अरुंद होतात. परिणाम असा झाला, कीं अशा मदरबोर्डावर पुष्कळ खेळांत तें ८ जीबीच्या आरएक्स ५८० च्या मागें पडलें. वीज कमी लागते हा त्याचा गुण खरा. पण केवळ जन्मसाल पाहून ज्यांनीं तें घेतलें, त्यांची निराशा झाली.

याच्या उलट बाजूचेंहि एक उदाहरण आहे, आणि तें मला अधिक लागून राहिलें आहे. आमच्या पेठेंतील एका मुलानें दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत दुकानांत काम करून पैसे सांठविले आणि जीटीएक्स १०८० टीआय हें वापरलेलें कार्ड घेतलें. २०१७ सालीं हें कार्ड खेळणाऱ्यांत सर्वश्रेष्ठ गणलें जात असे. मेमरी ११ जीबी, कीर्ति मोठी. त्याच्यावर जुने खेळ उत्तम चालले. पण ज्या एका नव्या खेळासाठीं त्यानें एवढे कष्ट केले होते, तो खेळ चालेचना. कार्ड बिघडलेलें नव्हतें, विकणाऱ्यानें खोटेंहि सांगितलें नव्हतें. त्या खेळास रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून छाया व प्रतिबिंबें काढण्याची सोय, कार्डाच्या अंगींच असावी लागते; आणि ती सोय एनव्हिडियाच्या खेळाच्या कार्डांत २०१८ सालच्या आरटीएक्स मालिकेपासून आली. डिसेंबर २०२४ मध्यें निघालेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मध्यें निघालेला 'डूम: द डार्क एजेस' हे खेळ अशाच अटीचे आहेत. जोराच्या शर्यतींत १०८० टीआयच्या मागें राहणारें आरटीएक्स २०६० सुपर हें २०१९ चें कार्ड या खेळांच्या किमान अटींत बसतें. १०८० टीआय बसत नाहीं. दोन सुट्ट्यांचे कष्ट होते ते! एक प्रश्न आधीं विचारला असता, तर ते सत्कारणीं लागले असते.

तो प्रश्न कोणता? "हें कार्ड किती वर्षांचें आहे?" हा नव्हे. "याचें आयुष्य किती उरलें आहे?" हा तो प्रश्न. वडगांवच्या जनावरांच्या बाजारांत शेतकरी बैलाचे दांत पाहतो, तो त्याचा जन्मदिवस साजरा करावा म्हणून नव्हे; आणखी किती पेरण्या तो ओढील, याचा अंदाज बांधावा म्हणून पाहतो. कार्डाचेहि असे चार दांत पाहावे.

पहिला दांत अंगाचा. पंखा, त्याखालील उष्णता वाहून नेणारा थर, जोडाचे टांके, यांची झीज झाली आहे काय? दुसरा दांत मेमरीचा. त्याविषयीं सांगितलेंच आहे. तिसरा दांत अंगभूत सोयींचा. रे ट्रेसिंग हें एक उदाहरण झालें, दुसरें डीएलएसएसचें. लहान चित्र काढून तें मोठें व स्पष्ट करून दाखविण्याची ही युक्ति सर्व आरटीएक्स कार्डांत आहे, जीटीएक्समध्यें नाहीं. दोन चित्रांमध्यें तिसरें चित्र भरून गति वाढविण्याची एनव्हिडियाची युक्ति ४० च्या मालिकेपासून पुढेंच मिळते. मात्र अशीं भरलेलीं चित्रें डोळ्यांस गुळगुळीत दिसलीं, तरी हाताच्या हालचालीस उत्तर लवकर मिळतें असें नाहीं. तेव्हां जाहिरातींतील मोठ्या आंकड्यांत अशीं चित्रें किती, हें विचारून घ्यावें.

चौथा दांत सर्वांत महत्त्वाचा, आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं. तो ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे कार्ड व खेळ यांच्यामधला दुभाषी. नवा खेळ आला, कीं कंपनी या दुभाष्यास नवे शब्द शिकविते. कंपनीनें शिकविणें थांबविलें, कीं धडधाकट कार्डहि हळूहळू बहिरें होऊं लागतें. एनव्हिडियानें जीटीएक्स ९०० व १० या मालिकांसाठीं नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबविले. त्यापुढें ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. म्हणून आज कोणी जीटीएक्स १०६० किंवा १०८० स्वस्तांत देऊं केलें, तर जुने खेळ खेळण्यापुरतेंच त्याचें मोल धरावें.

आतां वापरलेल्या मालाची परीक्षा. ज्या वर्षांत आभासी चलनाचा ज्वर चढला होता, त्या वर्षांत ईथर नांवाचें चलन मिळविण्यासाठीं लोक कार्डांच्या रांगा लावून तीं रात्रंदिवस चालवीत असत. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्या चलनाची पद्धति बदलली, हा उद्योग एकाएकीं निरुपयोगी झाला, आणि तीं कार्डें जुन्या बाजारांत लोटलीं. ३० च्या मालिकेचें किंवा आरएक्स ५८० सारखें कार्ड घेतांना त्यानें असे दिवस काढले असतील, हें गृहीत धरावें. असें प्रत्येक कार्ड निकामी असतें असें नाहीं. संथ, समान उष्णतेंत चाललेलें यंत्र कधीं कधीं वारंवार तापून निवणाऱ्या यंत्राहून बरें राहतें. पण पंखे झिजलेले आणि उष्णतेचा लेप वाळलेला असण्याचा संभव मोठा.

आपल्या उद्यमनगरांतील कारागीर जुना लेथ घेतांना काय करतो? रंगाकडे पाहत नाहीं; बेड झिजला आहे काय, स्पिंडल डगमगतो काय तें पाहतो, आणि चालवून पाहिल्याशिवाय पैसे देत नाहीं. हीच रीत येथें ठेवावी. मूळ बिल मागावें आणि त्यावरील क्रमांक कार्डावरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. पुष्कळ कार्डांस तीन वर्षांची वॉरंटी असते. तिच्यापैकीं कांहीं उरली असेल, तर तेवढें पैशांतच मोजावें. स्क्रू कोणी उघडले आहेत काय, गंज आहे काय, तें पाहावें; आपल्याकडील पावसाळी दमट हवेंत हें विशेष पाहावें लागतें. मग कार्ड संगणकास जोडून अर्धा तास एखादा जड खेळ चालवावा. पडद्यावर रंगीत ठिपके अगर पट्टे उमटले, पंखा खरखरला, किंवा उष्णता ८५ अंश सेल्सिअसच्या वर जात राहिली, तर नमस्कार करून परत यावें. जीपीयू-झेड नांवाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम मिळतो. त्यानें कार्डाची खरी ओळख पटते. ही ओळख आवश्यक आहे, कारण अतिशय जुन्या कार्डास नव्या कार्डाचें नांव चढवून विकण्याची लबाडी चालते. कधीं लबाडी नसतांहि नांव फसवितें. जीटीएक्स १०६० हें ३ जीबीचें आणि ६ जीबीचें अशीं दोन निघालीं. त्यांत केवळ मेमरी कमी-अधिक नाहीं, गणन करणारे घटकहि कमी-अधिक आहेत. आरटीएक्स ३०६० चाहि ८ जीबीचा अवतार मागाहून निघाला. तो १२ जीबीच्या भावाहून स्पष्टपणें मागें आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असो कीं आपल्या राजारामपुरींतील दुकानांतून असो, पूर्ण नांव व मेमरी बिलावर लिहून घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. आणि परगांवच्या अनोळखी माणसास आधीं पैसे पाठवून कुरिअरची वाट पाहत बसणें, हा तर व्यवहारच नव्हे.

कार्ड चांगलें असलें, तरी तें आपल्या घरच्या संगणकास मानवेल काय, हा पुढचा प्रश्न आहे. माझा एक जुना विद्यार्थी संगणक-दुरुस्तीचें दुकान चालवितो. त्याचें सांगणें असें, कीं बिघडलेल्या कार्डापेक्षां न जुळणाऱ्या कार्डाच्या तक्रारी त्याच्याकडे अधिक येतात. पहिली गोष्ट पॉवर सप्लायची. मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डास ७५ वॅटच मिळतात; त्याहून अधिक लागल्यास सहा टोकांची तार आणखी ७५ आणि आठ टोकांची तार १५० वॅट देते. आरटीएक्स ३०६० करितां कंपनी ५५० वॅटांचा पॉवर सप्लाय सुचविते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला हलका पॉवर सप्लाय अशा कार्डाखालीं ठेवणें म्हणजे कच्च्या दोरानें मोट ओढणें होय. तो जातांना सोबत इतरांनाहि घेऊन जातो. म्हणून जुन्या कार्डाच्या किंमतींत नव्या पॉवर सप्लायची किंमत मिळवावी, आणि मगच स्वस्त-महाग ठरवावें. दुसरी गोष्ट मदरबोर्डाची. डिसेंबर २०२४ मध्यें निघालेलें इंटेलचें आर्क बी५८० हें कार्ड १२ जीबी मेमरीचें आणि २४९ डॉलरचें. पाहतांच मोह पडावा असें. पण 'रीसाइझेबल बार' नांवाची सोय मदरबोर्डांत नसल्यास त्याचा वेग बराच घटतो, आणि आपल्याकडील कित्येक जुन्या संगणकांत ती नसते. नवें कार्ड जुन्या घरांत नांदत नाहीं, तें असें. तिसरी गोष्ट मॉनिटरची. साठ चित्रांच्या साध्या मॉनिटरवर शंभर चित्रें काढणाऱ्या कार्डाचें पाणी वाहून जातें. शेत भिजत नाहीं.

आतां पाटी-पेन्सिल घेऊं. पुढील किंमती मीं उदाहरणासाठीं धरिल्या आहेत; आपण आपल्या दुकानांतील भाव घालून हेंच गणित करावें. समजा, नवें कार्ड ३०,००० रुपयांस मिळतें, पांच वर्षें वापरून तें ८,००० रुपयांस विकलें जाईल. खर्च २२,०००, भागिले पांच, वर्षास ४,४०० रुपये. आतां समजा, वापरलेलें कार्ड १८,००० रुपयांस मिळतें. तीन वर्षें वापरून तें ६,००० रुपयांस जाईल. खर्च १२,०००, भागिले तीन, वर्षास ४,००० रुपये. येथें मुलगा म्हणेल, "पाहा, जुनें स्वस्त!" पण विजेचा हिशेब राहिला. जुनें कार्ड ५५ वॅट अधिक खातें असें धरूं. दररोज तीन तास खेळ धरल्यास वर्षाचीं ६० युनिटें होतात. युनिटास दहा रुपये धरल्यास ६०० रुपये. म्हणजे जुन्याचा वार्षिक खर्च ४,६०० रुपये झाला, आणि घेतांना १२,००० रुपयांनीं स्वस्त वाटलेलें कार्ड प्रत्यक्षांत २०० रुपयांनीं महाग पडलें. शिवाय वॉरंटी नाहीं ती नाहींच. परंतु तेंच कार्ड १३,५०० रुपयांस मिळालें, तर काय होतें? खर्च ७,५००, भागिले तीन, २,५००, वीज मिळवून ३,१००. आतां जुनें खरोखरच स्वस्त झालें, वर्षास १,३०० रुपयांनीं.

या गणितावरून मी एक ठोकळ नियम काढतों. त्याच कामाच्या नव्या कार्डाच्या निम्म्या किंमतीच्या आंत वापरलेलें कार्ड मिळत असेल, आणि त्याचे चारी दांत शाबूत असतील, तर तें खुशाल घ्यावें. किंमत निम्म्याच्या वर चढूं लागली, कीं नव्याकडे वळावें. आणि दोन-तृतीयांशाच्या पुढें गेली, तर विकणाऱ्यास सांगावें, कीं बाबा, तुझें कार्ड तुलाच लखलाभ असो.

कोणी म्हणतील, थांबलें तर सगळेंच स्वस्त होईल. हाहि भरंवसा धरतां येत नाहीं. २०२१ सालीं तुटवड्यामुळें छापील किंमतीच्या दुप्पट देऊनहि कार्ड मिळण्याची मारामार होती. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनीं मेमरीची मागणी वाढविली, आणि मेमरीचे भाव जगभर चढले. गरज खरी असेल व भाव नियमांत बसत असेल, तर मुहूर्त पाहत बसूं नये. गरजच नसेल, तर थांबण्यासारखी काटकसर नाहीं.

गरज कोणती, हें ठरविण्यासाठीं मुलास एक काम सांगावें. पुढील दोन-तीन वर्षांत जे खेळ खरोखर खेळावयाचे आहेत, अशा पांच खेळांचीं नांवें कागदावर लिहावयास सांगा, आणि प्रत्येकापुढें त्या खेळाच्या कर्त्यांनीं सांगितलेलें किमान कार्ड लिहावयास सांगा. मुलगा 'व्हॅलोरंट' किंवा 'जीटीए फाइव्ह' एवढेंच खेळणार असेल, तर त्याला महाग कार्डाची गरज नाहीं. साधें, चालू स्थितींतील जुनें कार्ड त्याचें काम करील. नवेनवे मोठे खेळ साध्या मॉनिटरवर खेळावयाचे असतील, तर २०१८ नंतरचें, रे ट्रेसिंगची सोय असलेलें, निदान ८ जीबीचें आणि शक्य तर १२ जीबीचें कार्ड पाहावें. तें वापरलेलें असलें तरी चालेल, नियमांत बसावें म्हणजे झालें. आणि ज्या मुलास खेळाबरोबर त्रिमितीय चित्रें काढावयाचीं आहेत, चित्रफीत संपादन शिकावयाचें आहे, ज्याच्या शिक्षणाचा कांहीं भाग या यंत्रावर अवलंबून आहे, त्याच्यासाठीं वॉरंटी असलेलें नवें कार्ड घ्यावें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं बंद पडलेलें स्वस्त कार्ड फार महाग पडतें.

वडिलांना माझी एक विनंति आहे. "नको" हा शब्द उच्चारण्यापूर्वीं तो कागद मागा. आणि मुलांना सांगणें असें, कीं "सगळ्यांकडे आहे" हें कारण सांगूं नका. कागद पुढें ठेवा. ज्या मुलानें बिल तपासलें, क्रमांक ताडला, वॅट मोजले आणि वर्षाचा खर्च काढला, त्या मुलास पैशाची किंमत कळली असें मी समजतों. असा मुलगा मागाहून पैसे परत मागावयास दुकानाच्या पायऱ्या झिजवीत नाहीं. बापाचाहि त्याच्यावरील विश्वास वाढतो, आणि तो विश्वास कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

तात्पर्य, जुनें म्हणून टाकूं नये आणि नवें म्हणून भुलूं नये. उरलेलें आयुष्य मोजावें, घरच्या संगणकाशीं मेळ पाहावा, वर्षाचा खर्च काढावा, आणि मग जें स्वस्त पडेल तें निःशंकपणें घरीं आणावें.